सायलेन्सरला भोक पडलंय: ठिगळ मारू की अख्खी लाईन बदलू?

सुरुबन (गुहागर)

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, सोमवारी गॅरेजवाल्याला उत्तर द्यायचंय.

माझी पेट्रोल हॅचबॅक २०१७ची, बीएस-४. घर गुहागरला, समुद्राला अगदी लागून. गाडी रोज शाळेपर्यंत जाते, जेमतेम तीन किलोमीटर, आणि संध्याकाळी परत येते. अधूनमधून चिपळूण, सुट्टीत माहेरी कराडला. उभी असते अंगणात. वर पत्रा आहे, बाजू उघड्या.

हल्ली आवाज बदललाय. सकाळी चालू केली की खालून घरघर येते आणि ॲक्सिलरेटर दिला की आळीतली माणसं वळून बघतात. गाडी नुसती उभी असताना पोटाखाली कुठेतरी पत्रा खणखणतो, वेग घेतला की थांबतो. मागच्या बंपरखाली वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या डब्याला खालच्या शिवणीवर करंगळी जाईल एवढं भोक, भोवती गंजाचे पापुद्रे.

दोन गॅरेजांत विचारलं. एक म्हणाला, ठिगळ मारून देतो, काही होत नाही. दुसऱ्याने गाडी वर न घेताच अख्खी लाईन, म्हणजे इंजिनापासून मागपर्यंतचे सगळे धुराचे पाईप, बदलायला सांगितली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धुरातले विषारी वायू निकामी करणारा भाग), आणि आकडा ऐकून मी गप्पच बसले. पीयूसी नुकतीच काढलीय, पास झाली. मायलेज थोडं उतरलंय असं वाटतं, पण एसी चालू असतो, त्यामुळे खात्री नाही.

नेमकं काय बघून ठरवायचं? घरी मला काय तपासता येईल? आणि तोवर गाडी चालवू का? रविवारी बाबांना डोळे दाखवायला चिपळूणला न्यायचंय. लेकही येणार. ती मागच्या सीटवर बसली की हल्ली डोकं दुखतं म्हणते, गाडी लागत असावी, म्हणून मी काचा बंद करून एसी लावते.

दर्याफिरस्ता (अलिबाग)

ताई, घाबरू नका. भोक लहान आहे. पत्र्याची पट्टी कापून डब्याभोवती गुंडाळा, दोन्ही कडांना क्लॅम्प आवळा, फटीत सायलेन्सर पुटी भरा. माझ्या आधीच्या गाडीला असं केलं होतं, पावसाळा निघाला. चिपळूणला जाऊन या, मग निवांत बघा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताई, ठिगळ की बदल ते मागाहून. शेवटच्या ओळीत तुम्ही जे सहज लिहून गेलात, त्याचं आधी बोलू. मुलीचं डोकं मागच्या सीटवर, काचा बंद असताना दुखतं, आणि भोक तिच्या मागेच, डिकीच्या खाली आहे. गाडी लागत असेलही. पण तपासून होईपर्यंत तिला त्या गाडीत बसवू नका. रविवारी बाबांना एसटीने आणा, नाहीतर कुणाची गाडी सांगा. दर्याफिरस्ता दादा, तुमचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे, पण "जाऊन या" एवढं मागे घ्या.

माझं चिपळूणला सायलेन्सरचं आणि वेल्डिंगचंच काम, वडिलांपासून चालत आलेलं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं, त्यामुळे थोडा थोडा आत गेला तरी साठत जातो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि गाडी लागण्याचीही हीच. मुलीला विचारा: उतरून मोकळ्या हवेत बसल्यावर दुखायचं थांबतं का? वळणं नसलेल्या रस्त्यावरही दुखतं का? पुढे बसल्यावर कमी वाटतं का? हो म्हणाली तर डॉक्टरांना दाखवा आणि गाडीचा सायलेन्सर फुटलाय हे आवर्जून सांगा. कोविडपासून घरात ऑक्सिमीटर असेल, त्याच्या आकड्यावर जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला वेगळं ओळखता येत नाही, ते ९८ दाखवत राहतं. त्याची रक्ताची वेगळी तपासणी असते.

कुणी म्हणेल, कन्व्हर्टर असताना हा वायू कुठून? कन्व्हर्टर चांगला असेल आणि तापला असेल तर तो बराचसा वायू निकामी करतो, खरं आहे. पण तो कामाला लागतो साधारण २५० ते ३०० अंशांना. थंड गाडी चालू केल्यावर सुरुवातीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आणि तुमचा कन्व्हर्टर चांगला आहे की नाही हे अजून कुणी बघितलेलंच नाही.

धूर आत कसा येतो ते बघा. मातीच्या रस्त्याने हॅचबॅक नेली की सगळी धूळ मागच्या काचेवर येऊन बसते. गाडी चालताना मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे धूळ ओढली जाते, तसाच धूरही. फट मिळाली की आत. डिकीतलं मॅट उचला, स्टेपनी काढा. तळाच्या पत्र्यात रबरी बुचं असतात. एखादं निसटलं असेल तर तिथून जमीन दिसते. मग डिकीच्या दाराचं रबर: कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे पट्टी अडकायला हवी. जिथून सहज निघते तिथे रबर मेलंय. हे दोन्ही तुम्ही घरी, दहा मिनिटांत, हात काळे न करता बघू शकता. डिकी अर्धवट उघडी ठेवून सामान न्यायची सवय आपल्याकडे आहे, तीही सोडा. चांगल्या गाडीतसुद्धा धूर आत येतो तेव्हा.

आता सायलेन्सर.

लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब पल्ल्याला ती वाफ शेपटीतून, म्हणजे मागच्या धुराच्या नळीतून, निघून जाते. तीन किलोमीटरात मागचा डबा नीट तापतही नाही. वाफ आतच निवते, पाणी तळाशी बसतं, त्यात धुरातली आम्लं उतरतात. म्हणून डबा आतून कुजतो आणि भोक खालच्या शिवणीलाच पडतं. बाहेरून खारा वारा आहेच. गुहागर, दापोली, हर्णैकडून येणाऱ्या गाड्यांचं हेच चित्र मी वर्षानुवर्षं बघतोय. पुढचा पाईप आणि कन्व्हर्टर इंजिनाजवळ, ते रोज तापतात आणि कोरडे राहतात. म्हणून गाडी वर न घेता "अख्खी लाईन बदला" हे मला पटत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: बऱ्याच डब्यांना खाली कंपनीनेच ठेवलेलं बारीक छिद्र असतं, पाणी निथळायला. कडा स्वच्छ, गोल. ती गळती नव्हे. ते बुजवू देऊ नका, नाहीतर नवा डबाही तसाच कुजेल.

ठिगळ की बदल हे भोकाच्या आकारावर ठरत नाही. भोकाभोवतीच्या पत्र्यावर ठरतं. गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा आणि तुम्ही खाली उभ्या राहा. घरी जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, कोणी कितीही धीर दिला तरी. सायलेन्सर पूर्ण थंड हवा. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर ठोकत जायचं. चांगला पत्रा ठणठणीत बोलतो, कुजलेला बद्द वाजतो. मग टोकाने भोकापासून चार बोटं लांब दाबायचं. पत्रा टणक लागला तर ठिगळ धरेल, बिनधास्त मारा. टोक आत रुतलं किंवा पापुद्रे सोलून निघाले तर ठिगळ शिवणार कशाला? वेल्डिंगच्या आचेने कडा जळत जाते आणि भोक मोठं होतं. २२ जुलै २०२१च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे डबे माझ्याकडे आले. बाहेरून रंग शाबूत, ठोकलं की बद्द, आणि कापल्यावर आत वाळलेला गाळ. पत्रा बोटाने मोडत होता. त्यावर ठिगळं मारून देणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात, मी मारली नाहीत.

पट्टी-क्लॅम्प-पुटीचं म्हणाल तर गाडी गॅरेजपर्यंत आणायला ठीक. पत्रा टणक असेल तर काही दिवस निघतात. कुजलेल्यावर क्लॅम्प आवळला की डबा चेपतो. घरात नळाला लावतो ती साधी एपॉक्सी वापरू नका, त्या उष्णतेला ती जळून गळून पडते.

खणखणाट वेगळा आहे असं मला वाटतं. गाडी उभी असताना वाजतो आणि वेग घेतल्यावर थांबतो, हे बहुतेक वेळा पाईपावरच्या उष्णतारोधक पत्र्याचं असतं. त्याचा बोल्ट गंजून सुटतो. मोठा क्लॅम्प लावला की काम झालं. काही जण तो पत्रा काढूनच टाकतात, तसं करू देऊ नका. मार्च-एप्रिलात सड्यावर वाळलेल्या गवतात गाडी उभी केली तर कन्व्हर्टरच्या आचेने गवत पेटू शकतं, तो पत्रा त्यासाठीही आहे. पण आवाज डब्याच्या आतून येत असेल, डबा हाताने हलवल्यावर आत काही गडगडत असेल, तर आतले पडदे सुटलेत. मग डबाच बदलायचा. सायलेन्सर टांगायची रबरंही बघा. एक तुटलं की सगळा भार पुढच्या जाळीच्या (लवचीक) पाईपावर येतो आणि गतिरोधकावर आपटून तो फाटतो. रबर स्वस्त, जाळीचा पाईप नाही.

पुढे गळती आहे का हे बघायची जुनी रीत आहे. सकाळी गाडी थंड असताना, उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू करा. दुसऱ्याने जाड हातमोजा घालून शेपटीच्या तोंडावर ओलं जाड फडकं काही सेकंद दाबून धरायचं. लाईन घट्ट असेल तर फडकं ढकललं जातं आणि इंजिन गुदमरतं. गळती असेल तर "सुस्स" आवाज जिथून येतो ती जागा. तुमच्या मागच्या भोकातून येणारच, त्याशिवाय पुढे कुठे येतो का ते ऐका. सांध्यांवर काळी काजळीची रेघ दिसली तरी तेच. थंड इंजिनाला टिकटिक, आणि गरम झाल्यावर ती बंद, असं असेल तर मॅनिफोल्डचं (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या पाईपाचं) पॅकिंग गेलंय किंवा मॅनिफोल्डला तडा आहे. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. वासावरूनही कळतं. सिग्नलला उभं असताना एसीच्या जाळीतून वास आला तर गळती पुढे, बॉनेटखाली. चालताना मागून आला तर मागे.

पीयूसीवर विसंबू नका. बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगला (इंजिन चालू, गाडी उभी) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. नळी घालतात शेपटीत. मधल्या भोकातून बाहेरची हवा मिसळली तर धूर पातळ होतो आणि आकडा उलट कमी दिसतो. पीयूसी इंजिन काय सोडतंय हे सांगते, ते वाटेत कुठे गळतंय हे सांगत नाही.

कन्व्हर्टर कधी गेला समजायचा? कुंभार्ली घाट चढताना विचार करा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबूनही गाडी ओढत नाही, दम कोंडल्यागत होते, आणि सपाटीला मात्र ठीक चालते, तर आतली जाळी वितळून किंवा तुटून वाट बुजली असण्याची शक्यता आहे. रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आत खुळखुळलं तरी तेच. तुमच्या पोस्टमध्ये यातलं एकही लक्षण नाही. आणि जाळी आपोआप वितळत नाही. बहुतेकदा प्लग किंवा कॉइल खराब होऊन न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं, म्हणून. ते कारण न शोधता नवा कन्व्हर्टर घातला तर तोही जाईल.

कात्रजकर (पुणे)

वाशिष्ठीकाठ यांनी सगळं सविस्तर लिहिलंच आहे. मायलेजच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगतो.

माझी सीएनजी. इंजिनाचा दिवा लागला, स्कॅनरवर पी-०४२० हा कोड आला. या कोडचा अर्थ कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही, म्हणून तो बदला असं मला सांगितलं गेलं. दुसऱ्या मिस्त्रीने आधी सांधे तपासले. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या जरा आधी फ्लँजचं (पाईप बोल्टने जोडायच्या चकतीचं) पॅकिंग जळलं होतं. धूर पाईपातून धक्क्याधक्क्याने जातो, दोन धक्क्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचत होता. पॅकिंग आणि बोल्ट बदलले, कोड पुसला, तो परत आला नाही. गळती पहिल्या सेन्सरच्या आधी असेल तर इंजिनाला वाटतं इंधन कमी पडतंय, ते जास्त सोडतं आणि मायलेज घसरतं. ताईंचं भोक शेवटच्या डब्याला आहे, त्याने मायलेजवर फारसा फरक पडू नये. उतरलं असेल तर पुढे शोधा.

सीएनजीवाल्यांसाठी अजून एक. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी होतं. शहरातल्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या सीएनजी गाड्यांचे डबे लवकर जातात, त्यामागे हेही आहे. वर्षातून एकदा तरी खाली टॉर्च मारून बघा.

सुरुबन (गुहागर)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाशिष्ठीकाठ दादा, तुमचं उत्तर वाचल्यावर आधी डिकी उघडली. स्टेपनीखालचं एक बूच जागेवर नाही. तिथून अंगणातले चिरे दिसले. दाराच्या रबरातून खालच्या डाव्या कोपऱ्यात कागद सहज निघून आला.

लेकीला विचारलं. शाळेतून घरी आल्यावर थोड्या वेळाने बरं वाटतं म्हणाली, आणि पुढे बसली की दुखत नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ती गाडी बंद ठेवायला सांगितलं आणि तिला तपासलं. गाडीत बसणं थांबल्यापासून तिची तक्रार नाही, पण पुन्हा दाखवायला बोलावलंय. बाबांना एसटीने नेऊन आणलं.

गॅरेजवाला घरी आला आणि डब्याला पट्टी बांधून, काचा उघड्या ठेवून, एकटाच गाडी घेऊन गेला. रॅम्पवर माझ्यासमोर ठोकून बघितलं. मागचा डबा सगळीकडे बद्द, स्क्रूड्रायव्हर शिवणीपासून वीतभर लांबही रुतला. मधला पाईप टणक. फडकं धरून बघितलं तेव्हा पुढे कुठेच आवाज नाही. खणखणणारा पत्राच होता, कन्व्हर्टरच्या वरचा, एक बोल्ट गायब. म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा. आता तो विचारतोय, कंपनीचा घालू की बाजारातला? आणि डबा पाईपाला वेल्ड केलेला आहे, फ्लँज नाही, तर कापून जोडला तर चालेल ना?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मुलीचं ऐकून बरं वाटलं. बूच आणि रबर दोन्ही घालून घ्या, डबा नवा आला तरी. ते राहू देऊ नका.

कापून जोडायला हरकत नाही, आम्ही रोज करतो. कापताना पाईप टणक असेल तिथेच कापायला सांगा, गंजलेल्या कडेला जोड देऊ नये. वेल्डिंग शक्यतो डबा खाली उतरवून, टाकीपासून लांब. शेवटचा टाका गाडीवरच मारावा लागला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, नाहीतर इंजिनाच्या कॉम्प्युटरला धक्का बसू शकतो. टांगायची रबरं सगळी नवी, जुनी एक बाजू ठेवू नका.

कंपनीचा की बाजारातला हे तुमच्या वापरावर आहे. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवणार असाल आणि समुद्राजवळच राहणार असाल तर कंपनीचा घ्या, किंवा बाजारातला घेताना स्टेनलेसचा किंवा ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पत्र्याचा आहे का ते बिलावर लिहून घ्या. नुसत्या काळ्या रंगाच्या साध्या पत्र्याचा डबा तुमच्याकडे फार टिकणार नाही. दोन डबे हातात घेऊन बघा, जड असतो त्याचा पत्रा सहसा जाड. पाणी निथळायचं छिद्र खालच्या बाजूला येतंय ना तेही बसवताना बघा. उलटा बसवलेला डबा मी पाहिलाय.

बसवल्यावर फडक्याची तपासणी तुमच्यासमोर पुन्हा करायला सांगा. पहिल्या दिवशी नव्या रंगाचा जळका वास येतो, तो बाहेर आला तर चालेल, आत येता कामा नये. मुलीला बसवण्याआधी तुम्ही एकट्या, काचा थोड्या उघड्या ठेवून चिपळूणपर्यंत एक फेरी मारा. येताना माझ्याकडे गाडी वर घेऊन सांधे बघून देतो, त्याचे पैसे नकोत. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा, शृंगारतळीच्या पुढे जाऊन या हवं तर, म्हणजे डब्यातलं पाणी आटेल.